रंग खरवडून चमक विकणाऱ्या पॉलिशवाल्यास खुले पत्र

महाशय,

पत्राची सुरुवात ‘सप्रेम नमस्कार’ लिहून करायची आपली रीत. तुमच्याबद्दल प्रेम वाटत नाही, म्हणून नुसता नमस्कार. नावही लिहीत नाही, कारण तुमचा एकच पत्ता नाही. अंधेरीत पेट्रोल पंपाच्या कडेला तुम्ही असता, बोरिवलीत उड्डाणपुलाखाली असता, मुलुंडच्या मॉलच्या पार्किंगमध्ये आणि घाटकोपरच्या गल्लीतल्या वॉशिंग सेंटरमध्येही असता. पाटी मात्र सगळीकडे सारखी: रबिंग, पॉलिश, टेफ्लॉन, नव्यासारखी चमक. या पाटीखाली तुम्ही काय करता ते आज चारचौघांत मांडतो.

आमच्या सोसायटीत एमएच ०३ पासिंगची एक गडद निळी गाडी उभी असते. मालक निवृत्त शिक्षक. दर दिवाळीआधी त्यांनी विश्वासाने गाडी तुमच्यापैकी एकाकडे नेली आणि दर वेळी तुम्ही तिच्यावर रबिंग मारलं. आज त्या बॉनेटवर पांढुरके डाग पडलेत, कडेचे पापुद्रे सुटतायत आणि रंगारी सांगतो की अख्खं बॉनेट पुन्हा रंगवावं लागेल. मास्तरांना वाटतं, कंपनीचा रंगच खराब होता. त्यांना खरं कुणीतरी सांगायला हवं. रंग चांगला होता, तो तुम्ही उतरवलात.

कारखान्यातून बाहेर पडलेल्या गाडीच्या पत्र्यावर थरांवर थर असतात. गंज रोखणारा थर टाकीत बुडवून विजेच्या मदतीने चढवतात, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यांत वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा ते सातवा हिस्सा. त्यातला क्लिअर कोट जेमतेम ३५ ते ५० मायक्रॉन. चमक या थराची आणि उन्हापासून रंगाचं रक्षणही याचंच. अतिनील किरण शोषणारी द्रव्यं याच थरात मिसळलेली असतात. जाड रबिंग कंपाऊंड आणि लोकरीचा बफर घेऊन तुमचा पोरगा एकदा फिरला की यातले काही मायक्रॉन जातात. दर वर्षी गेले तर काही वर्षांत रंगावरचं छप्पर उडतं. गेलेला क्लिअर कोट कुठल्याही डब्यातून परत येत नाही. तुम्ही जी चमक दाखवून पैसे घेता, ती गाडीच्याच अंगातून काढलेली असते.

ही सवय कुठून आली तेही मला ठाऊक आहे. कुर्ल्याला वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सचा कारखाना होता. आधी डॉज, मग फियाट आणि पुढे पद्मिनी तिथूनच मुंबईच्या रस्त्यावर आल्या. त्या काळच्या साध्या रंगांवर वेगळा पारदर्शक थर नसे. ऊन खाऊन वरचा रंग खडूसारखा भुरभुरीत होई. रबिंग मारलं की मेलेला रंग फडक्यावर येई आणि खालून जिवंत रंग निघे. ज्या उस्तादांनी ते काम केलं त्यांचं काम खरं होतं, त्यांच्या हातांबद्दल मला आदर आहे. देवघरातली समई कितीही घासा, खाली पितळच लागतं, तसा तो रंग वरपासून खालपर्यंत एकच होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. तुम्ही मात्र अजून पद्मिनीच घासताय. समोर उभी असलेली गाडी दुसऱ्याच जातीची आहे, हे पाहायची तसदी तुम्ही घेत नाही.

आता मुख्य आरोप. बहुतेक गाड्या तुमच्याकडे येतात तेव्हा त्यांचा रंग बिघडलेला नसतो, त्यावर जुनं वॅक्स बसलेलं असतं. कार्नोबा वॅक्स म्हणजे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. वितळायला त्याला ८० अंशांहून थोडं जास्त तापमान लागतं, पण मे महिन्यात उघड्यावर उभ्या गडद गाडीचं बॉनेट इतकं तापतं की मेण मऊ पडतं आणि उडालेली धूळ, काजळी, टायरचा भुगा धरून ठेवतं. त्यावर सांताक्रूझ वेधशाळेत ज्याची सरासरी २००० मिलिमीटरच्या वर जाते असा आपला पाऊस कोसळतो. मेण कुठे टिकतं, कुठे जातं आणि गाडी डागाळलेली, मळकट दिसू लागते. हा मळ मेणात असतो. मेण विरघळवून पुसून घेता येतं, त्यासाठी रंग खरवडायची गरज नसते. तुम्ही तेही करत नाही. एक तर जुन्या मेणावर नवं थापता, म्हणजे मळ आत आणि चमक वर. नाहीतर मेणासकट क्लिअर कोट घासून काढता. दोन्ही वेळा गिऱ्हाईक खूश होऊन जातं आणि दोन्ही वेळा तुम्ही त्याला फसवलेलं असतं.

काही जण जुनं वॅक्स काढतात, पण कशाने? रॉकेलने, पेट्रोलने, थिनरने. रॉकेल आपलाच तेलकट पडदा मागे ठेवून जातं. गॅरेजमध्ये पुन्हा रंगवलेल्या दारावर थिनर लागला तर रंगच मऊ होतो. आणि हे सगळं हातमोज्यांशिवाय कोण करतं? गावाहून आलेली, मिसरूड फुटायची पोरं. त्यांची बोटं भेगाळलेली मी पाहिली आहेत. गाडीचा रंग पैसे टाकून पुन्हा देता येतो. त्या पोरांच्या हातांचं काय करणार आहात?

तुमची आणखी एक चलाखी. तेलकट ग्लेझ भरून तुम्ही ओरखडे झाकता. सावलीत गाडी आरशासारखी दिसते, गिऱ्हाईक फोटो काढतं, आणि शांपूच्या दोन-चार धुण्यांत सगळे ओरखडे जागेवर परत. त्यातलं सिलिकॉन तर पुढे रंगाऱ्याच्या गळ्यात येतं. गाडी कुठे घासली आणि पॅनेल रंगवायला नेलं, की ताज्या रंगात बारीक गोल खड्डे पडतात. रंगारी त्यांना फिश आय म्हणतात. वॅक्स-ग्रीस रिमूव्हरने पत्रा पुसायच्या आधीच घासायचा पेपर मारला तर सिलिकॉन ओरखड्यांत आणखी खोल बसतं. मग सगळा रंग काढा, पुन्हा मारा, आणि शिव्या रंगाऱ्याला. उद्योग तुमचा, भोग त्याचे.

टेफ्लॉनबद्दलही बोलू. टेफ्लॉन म्हणजे पीटीएफई, रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञाला १९३८ साली अमेरिकेत अपघातानेच सापडलेलं. ते वितळतं ३२७ अंशांना आणि तव्यावर चिकटवायचं तर भट्टीत त्याहूनही जास्त आच द्यावी लागते. गाडीचा क्लिअर कोट कारखान्यात भाजतात तो साधारण १४० अंशांना. मग सोसायटीच्या कंपाउंडमध्ये, फडक्याने, उन्हात, तुम्ही टेफ्लॉन पत्र्याला कसं जोडता? जोडत नाही. साधं पॉलिश लावता आणि नावाचे पैसे घेता. सिरॅमिक कोटिंगचं म्हणाल तर ते निदान खरंच पत्र्याला धरतं, पण अट एकच, खालचा पृष्ठभाग पूर्ण कोरा हवा. जुन्या मेणावर सिरॅमिक लावलं तर ते मेणाला धरतं आणि मेणाबरोबरच निघून जातं. हजारो रुपये घेताना ही अट तुम्ही सांगत नाही.

काम कसं करायचं ते अवघड नाही, म्हणूनच राग जास्त येतो. गाडी सावलीत आणि पत्रा गार. आधी भरपूर पाणी सोडून माती वाहू द्यायची. फडका नंतर. दोन बादल्या, एक शांपूची आणि एक फडका खळबळायची. पाणी शक्यतो नळाचं. बोअरवेलचं जड पाणी उन्हात वाळलं की क्षारांचे पांढरे ठिपके बसतात आणि तेही तुम्ही पुढे रबिंगनेच काढता, खरं तर ताज्या ठिपक्यांना पाणी मिसळलेलं पांढरं व्हिनेगर पुरतं. धुऊन झालं की पाणी मारून बघायचं. जिथे थेंब गोल होऊन टपोरे उभे राहतात तिथे वॅक्स अजून आहे, जिथे पाणी पसरतं तिथे गेलं. उरलेल्यासाठी वॅक्स-ग्रीस रिमूव्हर किंवा पाण्यात मिसळलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल. एका वेळी एकच पॅनेल, एका मायक्रोफायबरने लावायचं आणि वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्याने पुसून घ्यायचं. बंपरच्या काळ्या प्लॅस्टिकवर वॅक्स पांढरं होऊन बसलं असेल तर तेच द्रव आणि मऊ टूथब्रश.

मग पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून पत्र्यावरून बोटं फिरवायची. खरखर लागली तर मळ रंगात रुतलाय. रेल्वेलगत राहणाऱ्यांच्या गाड्यांवर लोखंडाचा बारीक भुगाही असतो. त्याला क्ले बार, म्हणजे रुतलेला मळ ओढून घेणारी मातीसारखी वडी, भरपूर ओलसर करून, जोर न लावता. क्ले जमिनीवर पडली तर टाकून द्यायची. तुमच्याकडे ती उचलून, फुंकर मारून पुन्हा लावताना मी पाहिली आहे. पडलेल्या क्लेला खडीचे कण चिकटतात आणि पुढच्या पॅनेलवर त्यांचे ओरखडे उठतात. एवढं झाल्यावर गाडी बघायची. बहुतेक वेळा पॉलिशची गरजच राहिलेली नसते. राहिली तर आधी जाडी मोजायचं यंत्र लावा, सगळ्यांत बारीक कंपाऊंड आणि मऊ फोमचा पॅड घ्या, हातभर जागेवर करून बघा. दारांच्या कडा आणि बॉनेटच्या धारा यांवर रंग मुळातच पातळ असतो, तिथे टेप लावा. बफर पहिला तिथेच रंग जाळतो. शेवटी वॅक्सचा पातळ हात. जाड थापल्याने जास्त टिकत नाही, नुसतं पुसायला त्रास होतो.

ओरखडे पडतात ते सगळेच तुमचे नाहीत, हेही सांगतो. उपनगरात दर दुसरी इमारत पुनर्विकासाला गेली आहे. महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांभोवती २५ ते ३५ फूट उंच पत्रे, पाण्याचे फवारे, ट्रकची चाकं धुणं असे नियम काढले. तरी सकाळी गाडीवर सिमेंट आणि दगडाची धूळ बसलेली असतेच. सोसायटीत गाड्या पुसणारा माणूस एका बादलीत सगळं कंपाउंड उरकतो, कारण त्याला आपण पैसेच तेवढे देतो. त्या धुळीवर कोरडा फडका फिरला की बारीक गोल ओरखडे उठतात आणि ते घेऊन लोक तुमच्या दारात येतात. त्यांना ‘आधी धुवा, मग पुसा’ एवढं सांगणारा तुमच्यात एकही भेटू नये?

माझ्या मागण्या साध्या आहेत. रबिंग करण्याआधी रंगाची जाडी मोजा आणि बिलावर लिहा, नंतरचीही लिहा. कुठल्या डब्यातलं काय लावलं त्याचं नाव लिहा. टेफ्लॉनची पाटी उतरवा. पोरांना हातमोजे द्या. आणि ज्या गाडीला नुसतं धुऊन जुनं वॅक्स काढणं पुरतं, तिच्या मालकाला तसं सांगून तेवढेच पैसे घ्या. हे होणार नसेल तर गिऱ्हाइकांनीही ऐकावं: सदोष सेवेविरुद्ध २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दाद मागता येते, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. काम सुरू व्हायच्या आधी आणि नंतर उन्हात फोटो काढा, बिल मागा. मास्तरांकडे एकाही वर्षाचं बिल नाही, म्हणून त्यांचं बॉनेट त्यांच्याच खर्चाने रंगणार आहे.

येत्या रविवारी सकाळी आमच्या कंपाउंडमध्ये मी चार-पाच शेजाऱ्यांना जुनं वॅक्स कसं काढायचं ते दाखवणार आहे. तुमच्याकडच्या पोरांनाही पाठवा. त्यांचा त्या दिवसाचा रोज आम्ही वर्गणीतून देऊ आणि हातमोजेही.

आपला,
मुलुंड पूर्वेचा एक गाडीवाला