एक क्रेट डाळिंब, प्रलंबित

सिनेमाच्या बातमीवरून चहाच्या टपरीवर झालेला वाद संध्याकाळपर्यंत मिटतो, असा लोकांचा समज आहे. सांगोल्यात तो मिटत नाही. आमच्याकडं २०१८ सालचं एक प्रकरण अजून चालू आहे आणि त्यात माझ्यावर अन्याय झालेला आहे. तुम्हीही कुठल्या ना कुठल्या टपरीवर असं काही भोगलेलं असणार, म्हणून तुमच्यापुढं सगळं क्रमवार मांडतो. चहा सांगून घ्या, प्रकरण लांबचं आहे.

ऑगस्ट २०१८ मध्ये नेटफ्लिक्सनं जाहीर केलं, की 'बाहुबली'च्या आधीची गोष्ट मालिका म्हणून येणार. नाव 'बाहुबली : बिफोर द बिगिनिंग', आधार आनंद नीलकंठन यांच्या 'द राइज ऑफ शिवगामी' या कादंबरीचा. दिग्दर्शक दोन, देवा कट्टा आणि प्रवीण सत्तारू. मागोमाग नटांची यादी आली. तरुण शिवगामी मृणाल ठाकूर. धुळ्यात जन्मलेली मुलगी माहिष्मतीत चाललेली. यादीत राहुल बोस होते, अनुप सोनी होते, आणि अतुल कुलकर्णी होते.

अतुल कुलकर्णी आमच्या जिल्ह्याचे. सोलापुरात शिकले, सोलापूरच्या नाट्य आराधना संस्थेत नाटक करायला लागले, मग दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, मग 'हे राम' आणि 'चांदनी बार'साठी दोन राष्ट्रीय पुरस्कार. त्यांचं नाव वाचल्याबरोबर ही मालिका सांगोल्याच्या अखत्यारीत आली. यापुढं तिच्या प्रत्येक बातमीवर मत देणं हे आमचं कामच होतं आणि आम्ही ते चोख केलं.

कामाची पद्धत सांगतो. रविवारी बाजार असतो. जनावरांच्या बाजाराला पहाटेपासून आलेली माणसं नऊ-दहाच्या सुमारास चहाला वळतात, त्यात आमची बैठक भरते. दूध संकलनावर काम करणारा एक जण प्रत्येक बातमीला "फिक्स हाय" म्हणतो. त्याचा चुलतभाऊ हैदराबादला आहे. हा चुलतभाऊ तिथं नक्की काय करतो हे आजवर कुणाला कळलेलं नाही, पण तरुण कटप्पाचं काम कोण करणार हे त्यानं चार वेळा चार नावं घेऊन कळवलं. दुसरा एक आहे, तो फक्त "ऑफिशियल हाय का?" एवढंच विचारतो. स्वतः काही आणत नाही, दुसऱ्यानं आणलेलं मोडतो. सलूनवाला मात्र समतोल माणूस. म्हणून पंच तोच.

आणि चौथा डाळिंबवाला. या प्रकरणातला सामनेवाला.

त्याचं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच : प्रभास येणार. मी त्याला शांतपणे समजावलं, की ही गोष्ट शिवगामीच्या तरुणपणाची आहे. तिचा बाप देवराय याला राजद्रोही ठरवून मारलेलं असतं आणि ती सूड घ्यायची शपथ घेते, तिथून सगळं सुरू होतं. अमरेंद्र बाहुबली त्या वेळी जन्मालाच आलेला नाही. न जन्मलेला माणूस पडद्यावर येणार कसा? यावर तो म्हणाला, "लका, पिक्चरात बाप प्रभास, लेकबी प्रभास. मग आजा कोण असंल?"

पूर्ण टपरी त्याच्या बाजूला गेली. माझ्या मुद्द्याला कादंबरीचा आधार होता, त्याच्या मुद्द्याला काहीच नव्हता, तरी गेली. मग पैज ठरली. मी जिंकलो तर डाळिंबाचं एक क्रेट, मी हरलो तर मटणाचं जेवण. कृषी सेवा केंद्राच्या पावतीच्या पाठीमागं निळ्या पेनानं लिहून घेतलं : 'प्रभास सीनमध्ये दिसला तर जेवण. नाही दिसला तर क्रेट. माल भगवा, वीस किलो, डागी नको.' खाली दोघांच्या सह्या. पावती सलूनच्या आरशाच्या मागं खोचून ठेवली. ती आजही तिथंच आहे. पावडर बसून पांढरी झाली आहे, पण 'डागी नको' हे शब्द स्वच्छ वाचता येतात.

आणि मग मालिका आलीच नाही.

आधी चित्रीकरण चालू असल्याचं ऐकू आलं. मग सगळं नव्यानं करणार असं आलं. २०२१ मध्ये दिग्दर्शकांची नवी नावं छापून आली, कुणाल देशमुख आणि रिभू दासगुप्ता. शिवगामी बदलली, मृणालच्या जागी वामिका गब्बीचं नाव आलं. २०२२ च्या सुरुवातीला बातम्या आल्या, की तेही बंद केलं, दीडशे कोटींच्या आसपास खर्च झाल्यावर. पुढं २०२४ मध्ये बिजय आनंद या नटानं मुलाखतीत सांगितलं, की आपण पहिल्या खेपेला दोन वर्षं काम केलं होतं, ऐंशी कोटी गेले होते आणि झालेलं सगळं बाजूला ठेवलं गेलं.

माझी मूळ तक्रार इथं आहे. निवड जाहीर होते तेव्हा फोटोसकट होते. कुणाचा बाप कोण, कुणाची तलवार कुठली, सगळं कळतं. काम रद्द होतं तेव्हा मात्र बातमी आडवाटेनं येते, 'समजते', 'कळते' असल्या क्रियापदांवर बसून. आमच्या तालुक्यात शेततळ्याचा अर्ज नामंजूर झाला तरी कारण लिहून मिळतं. इथं इतक्या मोठ्या राज्याची स्थापना रद्द झाली आणि जनतेला पोच नाही. हरकती व सूचना मागवायचं तर दूरच राहिलं.

परदेशात असं झालं नाही का? झालं. 'हॉबिट'ला गिएर्मो देल तोरो दिग्दर्शक होते. निर्मिती लांबत गेली म्हणून २०१० मध्ये ते बाहेर पडले. पण त्यांनी तसं सांगितलं, पीटर जॅक्सननी काम हातात घेतलं आणि २०१२ ला पहिला चित्रपट थेटरात लागला. 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या आधीच्या काळावर एचबीओनं नाओमी वॉट्सला घेऊन एक भाग शूट केला होता, तीन कोटी डॉलरांहून जास्त खर्चून. ऑक्टोबर २०१९ मध्ये तो बंद झाल्याचं जगाला कळलं आणि त्याच दिवशी 'हाउस ऑफ द ड्रॅगन'ची घोषणा झाली. तिकडच्या पैजा एका दिवसात निकाली निघाल्या. आमची पावती आरशाच्या मागंच राहिली.

मालिका बंद पडल्याचं कळल्यावर मी रीतसर मागणी केली : प्रभास दिसला नाही, सबब क्रेट द्यावं. सामनेवाला म्हणाला, "मालिकाच न्हाई, तर दिसला न्हाई कसं म्हणता? दिसायला मालिका पायजे." पंचानं कात्री खाली ठेवली, गिऱ्हाइकाच्या गळ्यातलं कापड झटकलं आणि विचार करायला मुदत मागितली. ती मुदत अजून चालू आहे.

मधल्या काळात प्रकरणात दुसरी गुंतागुंत झाली. आमच्या भागातल्या डाळिंबाला मर आणि खोडकिड्यानं धरलं. २०२० च्या डिसेंबरात देशातली शंभरावी किसान रेल्वे याच सांगोल्याहून बंगालमधल्या शालिमारला सुटली होती, इतका इथं माल होता. त्यानंतर दोन वर्षांत किती तरी बागा मुळासकट काढाव्या लागल्या. त्याचीही काढली. जेसीबी लावला त्या दिवशी मी गेलो होतो. झाडं एका बाजूला रचलेली होती, खोडावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं, आणि तो बांधावर बसून फोनवर कुणाला तरी सळपणाचा भाव सांगत होता. त्या दिवशी मी क्रेटचा विषय काढला नाही. पण मागणी मागंही घेतली नाही. आता त्यानं पेरू लावलाय आणि पेरूवर तडजोड करायची त्याची तयारी आहे. मी नाही म्हटलं. लेखी डाळिंब आहे. बाजारातून विकत आणून द्यायला तो तयार नाही, आणि ते मलाही पटतं. विकतच्या डाळिंबात हरलेल्याचं काय जातं? नुसते पैसे.

मे २०२४ मध्ये 'बाहुबली : क्राउन ऑफ ब्लड' ही ॲनिमेशन मालिका हॉटस्टारवर आली. तीसुद्धा चित्रपटातल्या घटनांच्या आधीची. दुसऱ्याच रविवारी सामनेवाला फोन घेऊन हजर. "हे बघा. आधीची गोष्ट हाय. बाहुबली हाय. जेवण कधी?" मी सांगितलं, हे चित्र आहे, यात प्रभास नाही. तो म्हणाला, आवाज तरी ऐका. मी म्हटलं, हिंदीतला हा आवाज शरद केळकरांचा आहे. त्यावर तो म्हणाला, "मग थेटरात तरी तुम्ही कुणाचा ऐकलासा? तवाबी केळकरचाच की!"

हे खरं आहे. हिंदी 'बाहुबली'च्या दोन्ही भागांत प्रभासला आवाज शरद केळकरांचाच होता. पण खऱ्या गोष्टीचा असा वापर करणं बरोबर नाही. पावतीवर 'दिसला' लिहिलंय, 'ऐकला' नाही.

आता बैठकीत 'तुंबाड'चा विषय सुरू झालाय. २०१८ चा चित्रपट २०२४ च्या सप्टेंबरात पुन्हा लावला, पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला, आणि लगेच दुसऱ्या भागाची घोषणा झाली. पहिल्या भागाचे दिग्दर्शक राही अनिल बर्वे दुसऱ्यात नाहीत. 'हमीदाबाईची कोठी' लिहिणाऱ्या अनिल बर्व्यांचा हा मुलगा, ज्यानं वर्षानुवर्षं तो वाडा आणि तो पाऊस डोक्यात वागवला. तो नसताना तुंबाड कसं होणार, यावर मला पोटतिडकीनं बोलायचं आहे. पण दूधवाल्याचा चुलतभाऊ आता मुंबईला गेलाय आणि रोज नवं नाव फिक्स करतोय. मी तोंड उघडलं की समोरून पेन पुढं येतं. मागचं प्रकरण निकाली निघाल्याशिवाय मी नवीन पावतीवर सही करणार नाही, हे मी सगळ्यांना सांगून ठेवलंय.

म्हणून ही विनंती. दोन वर्षं शूटिंग झालं म्हणजे ते कुठंतरी साठवलेलं आहे. सेटवर शेकडो माणसं असणार : लाइटवाले, मेकअपवाले, घोडे सांभाळणारे, जेवणाच्या पंगती वाढणारे. त्यांच्यापैकी कुणाच्या वाचनात हे आलं, तर त्यांनी कथा सांगू नये, गुपित फोडू नये. प्रभास एखाद्या सीनमध्ये होता की नव्हता, एवढंच कळवावं. उत्तर एका शब्दात चालेल, पण लेखी द्यावं. सलूनवाला तोंडी पुरावा धरत नाही.