लोकलहोस्टसाहेबांना अनावृत पत्र

प्रति,
रा. रा. लोकलहोस्टसाहेब,
मु. पो. १२७.०.०.१

स. न. वि. वि.

सर्वप्रथम अभिनंदन! बागेतल्या तापमानयंत्राचे सॉफ्टवेअर आपल्या दरबारी एकूण एक चाचण्या पास झाले. मग ते नरखेड तालुक्यातल्या एका संत्राबागेत बसले आणि मे महिन्याच्या भर दुपारी त्याने तापमान कळवले: ४५८२.५ अंश. बागवाल्या काकांनी मोबाईल डोळ्यांजवळ धरला. “काहून गा भाऊ, हे मशीन सूर्यावर बसवलं का?” एवढे विचारून ते ठिबकचा व्हॉल्व्ह हातानेच उघडायला गेले. आंबिया बहाराची फळे या उन्हात गळतात. ती सॉफ्टवेअरच्या दुरुस्तीसाठी थांबत नाहीत.

पारा होता ४३.५. यंत्र दशांश टाळून ४३५ पाठवते, दोन बाइटमध्ये (हेक्स अंकांत): आधी थोरला ०१, मग धाकटा बी३. १९७९ सालच्या मॉडबसचा हाच रिवाज, इंटरनेटचाही हाच. वाचणाऱ्या डब्यातला प्रोसेसर मात्र धाकट्याला पुढे बसवणारा. क्रम न बदलता वाचले, की होतात ४५८२५.

आपल्याकडे हे दिसणार कसे? पाठवणारे आपण, घेणारेही आपणच. दोन्ही बाजू क्रम बदलायला विसरल्या, तरी दोन चुकांची फिट्टंफाट होऊन उत्तर बरोबर. स्वतःशीच बोलायला आपल्याला १ कोटी ६७ लाख पत्ते आंदण मिळालेत, आणि त्यातला एकही आपल्याला ‘नाही’ म्हणत नाही.

त्यात चाचणीसाठी निवडलेले तापमान २५.७! (एसीत बसून दुसरे सुचणार तरी काय?) २५७ म्हणजे ०१ ०१. उलटे वाचा, सुलटे वाचा, २५७च. असल्या आकड्याला परीक्षेला बसवणे म्हणजे नापास होण्याची भीतीच काढून टाकणे.

भांडण जुनेच आहे. डॅनी कोहेन यांनी १ एप्रिल १९८० रोजी यावर टिपण लिहिले आणि ‘गलिव्हर’मधल्या, अंडे कुठल्या टोकाने फोडावे यावरून लढणाऱ्यांची नावे दोन्ही पक्षांना दिली. म्हणणे एवढेच, की कुठलाही क्रम घ्या, पण सगळे मिळून एकच घ्या. आपल्या पोस्टाच्या पाकिटावर तर दोन्ही पक्ष सुखाने नांदतात. पत्ता गावाकडून तालुक्याकडे, तालुक्याकडून जिल्ह्याकडे चढतो; श्रीराम भिकाजी वेलणकरांचा १९७२ चा पिनकोड मात्र वरून खाली उतरतो, त्याचा पहिला अंक ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पोस्टमन गोंधळत नाही, कारण कुठला भाग कुठल्या बाजूने वाचायचा हे ठरलेले आहे.

तेव्हा साहेब, विनंती अशी, की चाचणीतले बाइट हाताने लिहावेत: ०१ बी३ आले तर ४३५ निघालेच पाहिजेत. ते बाइट आपल्याच कोडकडून बनवून घेऊ नयेत; आरोपीलाच पंच नेमण्यासारखे होते. शिवाय क्यूईएमयू या एम्युलेटरवर आयबीएमच्या एस३९०एक्सचे सोंग उभे करून तोच कोड तिथेही पळवावा. तिथे थोरला बाइट आधीच पुढे असतो, त्यामुळे डोळे मिटून उलटापालट करणारा कोड उघडा पडतो. वेळ लागेल, पण काकांच्या प्रश्नाला उत्तर शोधण्यापेक्षा कमी.

कळावे, लोभ असावा.

आपला,
नरखेड तालुक्यातील एक प्रोग्रामर

ता. क. उत्तर पोर्ट ८०८० वर धाडावे. ते ३६८९५ वर जाऊन पडले, तर आपण हे पत्र वाचले नाही असे समजेन.