विषय : नातवाला इंग्रजी येत असल्याबद्दल क्षमा मिळणेबाबत

प्रति,
मा. प्रवेश अधिकारी,
प्री-के विभाग, सरकारी शाळा जिल्हा,
डॅलसच्या उत्तरेला, टेक्सास.

महोदय / महोदया,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करते की, मी सांगली जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका असून सध्या आपल्या हद्दीत मुलाकडे मुक्कामाला आहे. पत्र मराठीत लिहिण्याचं कारण आपलाच अर्ज. ‘पालकांशी कोणत्या भाषेत संपर्क साधावा’ या रकान्यात माझ्या मुलाने मोठ्या बाणेदारपणे ‘मराठी’ लिहिलं होतं. त्यानंतर आपल्याकडून आलेला प्रत्येक कागद इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये आला. आपण आपली पद्धत सोडली नाहीत, तेव्हा मीही माझी सोडत नाही.

तक्रार थोडक्यात अशी : माझा नातू आपल्या मोफत प्री-के वर्गासाठी, म्हणजे आमच्या भाषेत बालवाडीसाठी, घेतलेल्या परीक्षेत पास झाला आणि म्हणून नापास झाला. जन्मभर पोरांचे पेपर तपासले, पण असा निकाल लावायची संधी मला कधी मिळाली नाही. आपल्या खात्याबद्दल आदर वाटू लागला आहे.

आपला कायदा मी सुनेकडून समजावून घेतला. १ सप्टेंबरला मूल चार वर्षांचं पूर्ण असावं, इथवर सगळं सरळ आहे. पण टेक्सासमध्ये चार वर्षांचं असणं पुरेसं नाही, त्याचं काहीतरी अडलेलं असावं लागतं. घरचं उत्पन्न शाळेतल्या मोफत किंवा सवलतीच्या जेवणाच्या मर्यादेत असावं. किंवा डोक्यावर छप्पर नसावं. किंवा आई-वडिलांपैकी कुणी सैन्यात सक्रिय सेवेवर असावं, नाहीतर त्या सेवेत जखमी झालेलं वा मृत्युमुखी पडलेलं असावं. किंवा मूल कधीतरी सरकारच्या ताब्यात, परक्या घरी वाढलेलं असावं. किंवा पोलिसात, अग्निशमन दलात जिवावर बेतलेल्या आई-बापाला ‘स्टार ऑफ टेक्सास’ पुरस्कार मिळालेला असावा. आणि यातलं किंवा यासारखं काहीच नसेल, तर मुलाला इंग्रजी बोलता आणि समजता येत नसावं.

ही मुलं रांगेत सगळ्यांत पुढे उभी राहावीत याबद्दल माझं अजिबात दुमत नाही. माझा प्रश्न रांगेच्या मागच्या टोकाचा आहे, जिथे आम्ही उभे होतो. दोघांच्या पगारामुळे उत्पन्नाची अट गेली. घर आहे, तीस वर्षांच्या कर्जावर का होईना. सैन्यात कुणी नाही. मुलगा एका विमा कंपनीचे डेटाबेस सांभाळतो, त्या कामात कुणाला शौर्यपदक मिळाल्याचं ऐकिवात नाही. राहता राहिली भाषा.

आणि काय सांगू महोदय, ही भाषेची अट कळली त्या दिवसापासून या घरात मराठीचे दिवस पालटले! तोवर मला फोनवरून सूचना असायची, “आई, त्याच्याशी थोडं इंग्रजीत बोलत जा, डेकेअरमध्ये तो कन्फ्यूज होतो.” आता सूचना आली, “आई, फक्त मराठीत बोल हं, एकही इंग्रजी शब्द नको.” ‘शूज घाल’चं ‘बूट घाल’ झालं, ‘हँड्स वॉश कर’चं ‘हात धू’ झालं. गाडीत पाढे सुरू झाले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी भारत सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा या घरात साधे पेढे आले नव्हते. रविवारी भरणाऱ्या मंडळाच्या मराठी शाळेला पोहण्याच्या क्लासमुळे सुट्टी असायची. जे सरकारला जमलं नाही आणि मंडळाला जमलं नाही, ते आपल्या घरभाषेच्या एकपानी फॉर्मने करून दाखवलं. घरात कोणती भाषा बोलली जाते, मूल कोणती भाषा बोलतं, एवढंच आपण विचारलंत. असं आम्हाला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

कागदपत्रांबद्दल मी तक्रार करणार नाही. जन्मदाखला, लसींचं पत्रक, पालकाचं ओळखपत्र, राहत्या पत्त्याचा पुरावा, हे सगळं आमच्या ओळखीचं आहे. लाईट बिल सुनेच्या नावावर, सुनेने आडनाव माहेरचं ठेवलेलं, आणि नातवाचं मधलं नाव म्हणजे बापाचं नाव. त्यामुळे या तिघांचं एकमेकांशी काय नातं आहे हे सिद्ध करायला आणखी काही कागद लागले. तहसील कचेरीत गेल्याचं समाधान मिळालं. फरक एवढाच, की आपल्या खिडकीमागच्या बाई हसून ‘उद्या या’ म्हणतात.

मग परीक्षा. परीक्षा घेणाऱ्या आपल्या बाई अतिशय प्रेमळ, त्यांच्याबद्दल एक अक्षर वावगं लिहायचं नाही. मी दाराबाहेरच्या खुर्चीवर होते, दार उघडंच होतं. त्यांनी नाकाला हात लावायला सांगितलं, पोराने लावला. चित्रं दाखवली, त्याने नावं सांगितली. इथवर माझ्या मुलाला आशा होती, कारण पोरगं एका एका शब्दात उत्तरं देत होतं. मग बाईंनी एक हिरवट प्राणी दाखवला आणि स्वतःच म्हणाल्या, हा बघ बेडूक. पोराने मान वाकडी करून चित्र नीट पाहिलं आणि म्हणालं, “ॲक्चुअली, दॅट्स नॉट अ फ्रॉग. इट्स अ टोड. सी द बंप्स?”

त्या ‘ॲक्चुअली’ने घात केला. जो मुलगा ‘ॲक्चुअली’ म्हणून वाक्य सुरू करतो त्याला इंग्रजी येत नाही, असा शेरा मारायला जगातला कुठलाही परीक्षक धजणार नाही. माझ्या मुलाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. आपलं लेकरू फाडफाड इंग्रजी बोलतंय हे पाहून तोंड कडू झालेला मराठी बाप मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. सांगलीत याच गोष्टीसाठी लोक कर्ज काढतात.

आता पलीकडच्या गल्लीतल्या तेलुगू कुटुंबाचं ऐका. त्यांची मुलगी आपल्या बाईंसमोर एक शब्द बोलली नाही. नाकाला हात लाव म्हटलं तर आईच्या ओढणीत तोंड खुपसून बसली. तिला जागा मिळाली. मिळाली याचा आनंदच आहे, गोड पोर आहे. पण तीच पोर आमच्या अंगणात माझ्या नातवाला इंग्रजीत हुकूम सोडते आणि तो निमूट ऐकतो. तेव्हा आपली परीक्षा नेमकं काय मोजते, असा प्रश्न मला शिक्षिका म्हणून पडतो. लाजाळूपणाला आपल्या कायद्यात कलम नाही, पण वर्गात जागा आहे.

यात आपल्याला हसण्याचा अधिकार मला नाही, हेही जाणून आहे. आमच्याकडे २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांतल्या प्रवेशाच्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखून ठेवल्या. महाराष्ट्रात दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा एक लाख रुपये. त्यानंतर चारचाकीतून उतरून उत्पन्नाचा दाखला काढायला येणारे पालक आम्ही पाहिलेत. अट घातली की अटीत बसण्याची कला आपोआप वाढीस लागते. सरकारने अभावाला बक्षीस ठेवलं की लोक अभाव शिवून अंगावर चढवतात, आणि ज्याच्या अंगावर तो खराच आहे त्याला शिंप्याकडे जायला वेळ नसतो.

तरीही हा इंग्रजी न येण्याचा नियम आला कुठून, म्हणून मी आपल्या सार्वजनिक वाचनालयात चौकशी केली. जे वाचलं त्याने तुमच्या टेक्सासवर माझा लोभ जडला. १९५० च्या दशकात स्पॅनिश बोलणारी मुलं पहिलीत यायची, बाईंचं इंग्रजी त्यांना कळायचं नाही, आणि ती वर्षानुवर्षं पहिलीतच बसून राहायची. ह्यूस्टनमध्ये फेलिक्स टिहेरिना नावाचे हॉटेलमालक होते, ‘लुलॅक’ या संघटनेचे अध्यक्ष. त्यांनी ठरवलं, शाळेत जाण्याआधी या मुलांना इंग्रजीचे नेमके ४०० शब्द शिकवायचे. १९५७ मध्ये गनाडो या लहानशा गावात पहिला वर्ग भरला. शिकवणारी इझाबेल व्हेर्व्हर तेव्हा अवघी १७ वर्षांची होती. दोन वर्षांत, १९५९ मध्ये, टेक्सासच्या विधिमंडळाने त्या धर्तीवर कायदा करून हे वर्ग सरकारी खर्चाने सुरू केले. सतरा वर्षांच्या पोरीने चालवलेला वर्ग दोन वर्षांत कायद्यात उतरतो! आमच्याकडे एवढ्या वेळात फाईल टेबल बदलते.

त्याच काळात आमच्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या आदिवासी मुलांसाठी बालवाडी चालवत होत्या. आधी १९४५ पासून बोर्डीला, नंतर कोसबाडच्या टेकडीवर. मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेऊन बसवली. २ ऑक्टोबर १९७५ला भारत सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, त्यातून देशभर अंगणवाड्या झाल्या. आमच्या अंगणवाडीचं कौतुक फार करत नाही : पत्रे गळतात, आणि मानधनासाठी सेविकांना मोर्चे काढावे लागतात. पण तिच्या दारात मूल आलं तर त्याला आत घेतात, वजन करतात, खाऊ देतात. कोणती भाषा येत नाही म्हणून आलास, असं विचारत नाहीत.

गनाडोतला वर्ग शाळेने बाहेर ठेवलेल्या मुलांना आत आणण्यासाठी होता. आज त्याच नियमाचा उपयोग कुणाला बाहेर ठेवायचं हे ठरवण्यासाठी होतो, हे टिहेरिनासाहेबांनाही रुचलं नसतं.

आपली अडचण पैशाची आहे, हे मला कळतं. २०१९च्या कायद्याने पात्र चार वर्षांच्या मुलांना पूर्ण दिवसाचा वर्ग देणं आपल्यावर बंधनकारक झालं. राज्य मात्र हजेरीमागे देतं ते निम्म्या दिवसाचंच अनुदान. म्हणजे जेवणाच्या सुट्टीपर्यंत मूल राज्याचं आणि नंतर आपलं. उरलेल्या दिवसासाठी आपण आणखी एका अनुदानातून आणि आपल्या खिशातून जुळवाजुळव करता, त्यामुळे एकेक खुर्ची जपून वापरावी लागते. पण रेड रिव्हर ओलांडली की पलीकडे ओक्लाहोमा लागतं. तिथे १९९८ पासून चार वर्षांच्या कुठल्याही मुलाला सरकारी प्री-के खुला आहे, पगार विचारत नाहीत, भाषा विचारत नाहीत. ओक्लाहोमा काही टेक्सासहून श्रीमंत नाही. फुटबॉलमध्ये त्यांना हरवण्यासाठी आपण दरवर्षी एवढा जीव काढता, त्यातला थोडा इकडे वळवावा.

आणि सर्वांत गमतीची गोष्ट पुढच्या वर्षीची. पाच वर्षांचा झाला की हाच मुलगा, याच घरातून, याच आई-बापाच्या पगारावर, हेच ‘ॲक्चुअली’ घेऊन आपल्या किंडरगार्टनमध्ये दाखल होईल आणि आपण त्याला हसतमुखाने मोफत बसवून घ्याल. चार आणि पाच यांच्यामध्ये असं काय घडतं की तोपर्यंत तो मुलगा आपला नसतो?

तरी आपणास नम्र विनंती आहे की :

१. चार वर्षांच्या प्रत्येक मुलाला प्री-केमध्ये प्रवेश मिळावा, अडलेल्यांना आधी आणि उरलेल्यांना नंतर, पण सर्वांना, अशी शिफारस आपण ऑस्टिनला विधिमंडळाकडे करावी.

२. ते होईपर्यंत माझ्या नातवाची फेरपरीक्षा घ्यावी. त्याचं इंग्रजी ‘ब्लूई’ या कार्टूनमधून आलेलं, म्हणजे ऑस्ट्रेलियाचं आहे. त्याला अजून ‘यॉल’ म्हणता येत नाही. टेक्सासच्या इंग्रजीत तो कच्चा असल्याचं मी लेखी द्यायला तयार आहे.

३. दोन्ही शक्य नसल्यास त्याच्या निकालपत्रावर किमान ‘अभिनंदन’ असं छापावं. घरात कुणीतरी ते म्हणायला हवं होतं.

कळावे, लोभ असावा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका आणि आजी

ता. क. : आपल्या कार्यालयातून आजच फोन आला. मोफत जागेस अपात्र असला तरी फी भरल्यास त्याच शाळेत, त्याच वर्गात त्याला प्रवेश मिळू शकतो, असं कळलं. म्हणजे वर्ग आहे, बाई आहेत, खुर्चीही आहे, तिच्यावर फक्त किमतीची चिठ्ठी होती. मुलाने लगेच कार्ड काढून पैसे भरले. त्या क्षणापासून घरात ‘शूज घाल’ आणि ‘हँड्स वॉश कर’ पूर्ववत सुरू झालं आहे. या नुकसानीची भरपाई मागायला आपल्या जिल्ह्यात कोणती खिडकी आहे, तेवढं कृपया कळवावं. इंग्रजीत कळवलंत तरी चालेल, नातू वाचून दाखवायच्या बेतात आहेच.