नव्या डिस्कचा सातबारा

महाराष्ट्रात इमारत रहिवाशांची आणि जमीन बिल्डरच्या नावावर, हा प्रकार इतका अंगवळणी पडला आहे की त्याची आता बातमीही होत नाही. १९६३ च्या मोफा कायद्यात आणि त्याखालच्या नियमांत याची सोय केलेली आहे. दुसरी मुदत ठरली नसेल, तर सोसायटी स्थापन झाल्यापासून चार महिन्यांत बिल्डरनं जमिनीचं अभिहस्तांतरण करून द्यायचं. हे चार महिने कोणत्या पंचांगातले, ते लिहायचं राहून गेलं असावं. शेवटी २००८ मध्ये सरकारनं मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद आणली; म्हणजे बिल्डर सही करायला येत नसेल, तर त्याच्याशिवाय उरकायचं. तरीही फाटकावर सोसायटीची पाटी, लिफ्टमध्ये सोसायटीची नोटीस, पार्किंगवरून सोसायटीची भांडणं आणि सातबाऱ्यावर बिल्डरचे तीर्थरूप, असं चित्र गल्लोगल्ली आहे. कुणाचं काही अडत नाही. अडतं ते पुनर्विकासाच्या दिवशी.

विंडोजनं हा धडा नेमका कुणाकडून घेतला ठाऊक नाही, पण मन लावून घेतला आहे.

आमच्या सोसायटीच्या कार्यालयात एक असेम्बल्ड संगणक आहे. त्याची जुनी हार्ड डिस्क टकटक आवाज करू लागली, तेव्हा कमिटीनं रीतसर ठराव करून नवी एसएसडी घेतली. दुकानातला मुलगा आला, एसएसडी बसवली, तिच्यावर विंडोज टाकलं. जुनी डिस्क काढायला निघाला, तर खजिनदार म्हणाले, ‘‘राहू दे रे, डेटाला होईल.’’ मुलानं तिच्यावरचं जुनं विंडोज पुसलं, तिला ‘डी’ ड्राइव्ह म्हणून ठेवली आणि तो गेला. संगणक भलताच चपळ झाला. मेंटेनन्सची बिलं पूर्वीपेक्षा लवकर छापून येऊ लागली, याचा आनंद फक्त सेक्रेटरींना झाला.

पुढे ती टकटक वाढली. आता हिच्यात काही राम नाही, असं सर्वानुमते ठरवून सेक्रेटरींच्या भाच्यानं डिस्क काढून कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवशी संगणक सुरू केला, तर काळा पडदा आणि पांढऱ्या अक्षरांत विनंती: योग्य बूट डिव्हाइस निवडा किंवा बूट मीडिया घाला आणि कळ दाबा.

‘‘कळ दाबा म्हणतोय,’’ सेक्रेटरी हताशपणे म्हणाले. ‘‘सगळ्या दाबून झाल्या.’’

तातडीची सभा भरली. खजिनदारांचं मत पडलं की एसएसडी डुप्लिकेट आहे. माजी सेक्रेटरींनी आमच्या काळात मशीन कधी बंद पडलं नाही, हे सभेच्या निदर्शनास आणून दिलं. (त्यांच्या काळात मशीन नव्हतं.) दुकानात फोन लावला, तर तिकडून क्षणाचाही विलंब न लावता निदान आलं: ‘‘विंडोज उडालं. फॉरमॅट मारावं लागेल.’’ हे निदान लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या एसटी स्टँडसमोरच्या दुकानापर्यंत एकच आहे. पंखा आवाज करतो? फॉरमॅट मारा. प्रिंटर कागद ओढत नाही? एकदा फॉरमॅट मारून बघू.

आणि गंमत अशी की विंडोज उडालं नव्हतंच. ते नव्या एसएसडीवर सहकुटुंब सुखरूप होतं. बिलं, इतिवृत्तं, थकबाकीदारांची यादी, सगळं जागच्या जागी. हरवला होता तो त्याचा पत्ता.

संगणकाचं बटण दाबलं की आधी जागं होतं ते मदरबोर्डवरचं फर्मवेअर. त्याला पूर्वी बायॉस म्हणत, आता यूईएफआय म्हणतात, आणि दुरुस्तीवाले अजूनही बायॉसच म्हणतात. या फर्मवेअरला तुमच्या ‘सी’ ड्राइव्हशी काही देणंघेणं नसतं. ते ‘ईएफआय सिस्टिम पार्टिशन’ नावाचा एक चिमुकला कप्पा शोधतं. हा कप्पा साधारण १०० एमबीचा, फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला. त्याला ड्राइव्हचं अक्षर दिलेलं नसतं, म्हणून तो एरवी डोळ्यांना दिसतही नाही. त्यात बूट मॅनेजर असतो आणि बीसीडी नावाची त्याची नोंदवही असते. विंडोज अमुक डिस्कच्या तमुक पार्टिशनवर राहतं, हे त्या वहीत लिहिलेलं. बूट मॅनेजर वही वाचतो, तिथे जातो आणि विंडोजला उठवतो. कप्पा नाही तर वही नाही, वही नाही तर पत्ता नाही. मग शेजारच्याच डिस्कवर विंडोज ताटकळत बसलं असलं, तरी फर्मवेअर तुम्हाला कळ दाबायला सांगतं.

आता इन्स्टॉलरची करामत पाहा. त्याला नवी एसएसडी दाखवून ‘इथे टाक’ म्हटलं, की विंडोज तो तिथेच टाकतो. त्यात कसूर नाही. पण मशीनमध्ये दुसरी डिस्क असेल आणि तिच्यावर असा कप्पा आधीपासून असेल, तर नव्या डिस्कवर दुसरा कप्पा करण्याची तसदी तो बहुधा घेत नाही. बूटच्या फायली गुपचूप त्या जुन्या कप्प्यात ठेवतो आणि मोकळा होतो. दुकानातल्या मुलानं जुन्या डिस्कवरचं विंडोज पुसलं होतं. कोपऱ्यातला तो कप्पा मात्र तसाच होता. त्याच्या जिवावर आमचा संगणक चपळाई दाखवत होता. एकाच यंत्रावर दोन प्रणाली ठेवणाऱ्यांना एक सामाईक कप्पा सोयीचा पडतो, एवढं इन्स्टॉलरच्या बाजूनं म्हणता येईल. पण अशी माणसं किती, आणि ‘जुनी राहू दे, डेटाला होईल’ म्हणणारे खजिनदार किती?

बरं, इन्स्टॉलर अबोल आहे म्हणावं तर तसंही नाही. त्याच्याइतका चौकस प्राणी नाही. तुमचा देश कोणता, हे तो विचारतो. हा कीबोर्ड बरोबर आहे ना, असं विचारतो, आणि मग आणखी एक कीबोर्ड जोडायचा आहे का, असंही विचारतो. तुमचं ठिकाण कळवू का? टायपिंगचे नमुने धाडू का? जाहिराती तुमच्या आवडीनुसार दाखवू का? एवढी आस्थेनं चौकशी करणारा हा गृहस्थ, ज्या फायलींवाचून संगणक उघडणारच नाही त्या कुठे ठेवू, हे मात्र विचारत नाही. ठेवल्यावर सांगतही नाही. शेवटी ‘हाय’ म्हणून रंगीत पडदा दाखवतो.

बरं, नंतर तपासायला जावं, तर तिथेही एक चकवा आहे. ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडलं की सी ड्राइव्हच्या खाली ‘बूट’ असं लिहिलेलं दिसतं. माणूस निर्धास्त होतो. होऊ नये. मायक्रोसॉफ्टच्या परिभाषेत ज्या पार्टिशनवर विंडोज असतं त्याला ‘बूट’ म्हणतात आणि ज्यावर बूटच्या फायली असतात त्याला ‘सिस्टिम’. ही उलटापालट कुणी केली आणि त्याला बढती मिळाली का, याची चौकशी करण्यात अर्थ नाही. एवढंच लक्षात ठेवा: ‘ईएफआय सिस्टिम पार्टिशन’ ही अक्षरं कोणत्या डिस्कच्या ओळीत दिसतात ते बघायचं. ती फक्त जुन्या डिस्कच्या ओळीत असतील, तर तुमचाही सातबारा बिल्डरकडे आहे.

आजार तसा आजचा नाही. एक्सपीच्या काळात बूट मॅनेजरची जागा एनटीएलडीआर नावाची फाइल सांभाळायची आणि पत्ता ‘बूट डॉट आयएनआय’मध्ये असायचा. तेव्हाही विंडोज दुसऱ्या डिस्कवर टाकलं, तरी या फायली पहिल्या डिस्कवर जाऊन बसायच्या. पहिली काढली की ‘एनटीएलडीआर इज मिसिंग’ ही सुप्रसिद्ध ओळ हजर. पेनड्राइव्हवरून विंडोज टाकताना या फायली खुद्द पेनड्राइव्हवरच जाऊन पडल्याचेही प्रकार होत. मग रोज सकाळी देवाला फूल वाहावं तसा तो पेनड्राइव्ह खोचल्याशिवाय संगणक उघडायचा नाही. २००७ साली व्हिस्टा आली, फायलींची नावं बदलली, खोड तीच राहिली.

लिनक्सवाले या ठिकाणी गालात हसत असतील, तर त्यांनी जरा थांबावं. उबंटूचा जुना इन्स्टॉलर फार सभ्य होता. बूट लोडर कोणत्या डिस्कवर ठेवू, असं तो स्वतःहून विचारायचा. तुम्ही बाहेरची यूएसबी डिस्क निवडायचात, तो ‘बरं’ म्हणायचा, आणि यूईएफआयच्या मशीनवर बूट लोडर मुकाट्यानं आतल्या पहिल्या डिस्कच्या कप्प्यात ठेवायचा. या दोषाची तक्रार वर्षानुवर्षं नोंदवलेली होती. एक विचारत नाही, दुसरा विचारतो पण ऐकत नाही. (महापालिकेनं मागवलेल्या हरकती आणि सूचना कधी पाठवल्या असतील, तर दुसरा प्रकार तुमच्या परिचयाचा असेल.)

आमचा संगणक सुधारला तो तिसऱ्या मजल्यावरच्या इंजिनिअरिंगच्या मुलीनं. सभेत तिला बोलायची संधी उशिरा मिळाली. तिनं एवढंच विचारलं, ‘‘काका, जुनी डिस्क कुठाय?’’ ती कपाटातून निघाली, जोडली, आणि संगणक टकटक करत निमूटपणे सुरू झाला. सभेनं सुस्कारा सोडला. लगेच खजिनदार म्हणाले, ‘‘झालं तर! चालतंय ना? मग राहू दे तशीच.’’

या वाक्यासाठी त्यांचा सत्कार व्हायला हरकत नाही. सरकारी कचेऱ्या, पूल, पाण्याच्या टाक्या आणि विंडोजचा इन्स्टॉलर हे सगळं याच एका वाक्यावर उभं आहे. मरायला टेकलेल्या डिस्कच्या कोपऱ्यातल्या १०० एमबीवर सोसायटीचा कारभार चालला आहे, हे कळल्यावरही सभेतल्या निम्म्या लोकांनी माना डोलावल्या.

मुलीनं ऐकलं नाही. जुनी डिस्क पुन्हा काढली, विंडोजचा पेनड्राइव्ह लावला, पहिल्या पडद्यावर शिफ्ट आणि एफ१० दाबून काळी खिडकी उघडली. मग ‘डिस्कपार्ट’. ‘लिस्ट डिस्क’ म्हणून आधी डिस्का मोजून घेतल्या, नवी निवडली, विंडोजचं पार्टिशन किंचित आकसून जागा काढली, तिथे ईएफआयचा १०० एमबीचा कप्पा केला, फॅट३२ मध्ये फॉरमॅट केला आणि त्याला तात्पुरतं ‘एस’ हे अक्षर दिलं. पेनड्राइव्हवरून सुरू केलेल्या यंत्रात नेहमीचा ‘सी’ हा ‘सी’च असेल असं नसतं, म्हणून विंडोज नेमकं कोणत्या अक्षरावर आहे तेही तिनं पाहून घेतलं. (डिस्कपार्टमध्ये ‘क्लीन’ नावाचा आदेश आहे. तो निवडलेल्या डिस्कची सगळी पार्टिशनं उडवतो आणि ‘नक्की ना?’ असं विचारत नाही. चौकशा तेवढ्या कीबोर्डच्या.) शेवटी एक ओळ: ‘बीसीडीबूट’, पुढे विंडोजच्या फोल्डरचा पत्ता, मग ‘एस’ आणि यूईएफआय. पडद्यावर उत्तर आलं की बूटच्या फायली यशस्वीरीत्या तयार झाल्या. फॉरमॅट मारावं लागलं नाही.

खरी मेख यापुढे आहे. बीसीडीबूट या फायली जुन्या डिस्ककडे मागत नाही. विंडोजच्या फोल्डरातच ‘बूट’ नावाचं एक उपफोल्डर असतं आणि तिथे त्यांच्या प्रती पहिल्या दिवसापासून पडून असतात. हा आदेश त्याच उचलून नव्या कप्प्यात मांडतो आणि नोंदवही नव्यानं लिहितो. जुन्या मालकाची सही लागत नाही, संमती लागत नाही, तो हजर असण्याचीही गरज नाही. कागद सगळे घरातच होते. घरमालकाला कुणी ते काढायला सांगितलं नव्हतं.

हे सगळं टाळण्याचा जाणत्यांचा उपाय ऐकला, तर संगणकशास्त्राविषयीचा आदर दुणावेल. विंडोज टाकण्यापूर्वी डबा उघडायचा आणि बाकीच्या डिस्कांच्या केबली उपसून ठेवायच्या. एवढंच. अब्जावधी डॉलरच्या कंपनीनं घडवलेल्या त्या चौकस इन्स्टॉलरला दुसरी डिस्क दिसलीच नाही, तर तो मुकाट्यानं आहे त्या डिस्कवर कप्पा करतो आणि फायली तिथेच ठेवतो. डबा उघडायचा नसेल, तर काही मदरबोर्डांवर बायॉसमधून ती डिस्क बंद करता येते. कामकाज संपलं, संगणक एकदा सुरू होऊन बंद झाला, की जुनी डिस्क परत जोडा, आणि खुशाल डेटाला ठेवा.

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. जुन्या मशीनमध्ये नवी एसएसडी घालून विंडोज ११ टाकून घेण्याचा उद्योग घरोघरी चालू आहे. तुम्हीही मशीन दुकानात नेणार असाल, तर त्या मुलाला आधी स्पष्ट सांगा की दुसरी डिस्क सोडवूनच विंडोज टाक. तो तुमच्याकडे संशयानं पाहील, पाहू दे. काम झालं म्हणाला की जुनी डिस्क तुमच्या देखत काढायला लावा, संगणक सुरू करून दाखवायला सांगा आणि पैसे त्यानंतरच द्या.