वही ज्याच्या हाती

ऑनलाइन मागवलेली वस्तू आधी मोबाइलवर पोहोचते, मग घरी. आणि कधीकधी नुसतीच मोबाइलवर. मग पैसे परत मागणाऱ्या गिऱ्हाइकाला ठरलेलं उत्तर मिळतं, ‘आमच्या नोंदीप्रमाणे पार्सल डिलिव्हर्ड आहे.’ बीड जिल्ह्याला हा युक्तिवाद नवा नाही. ऊसतोडीची उचल किती घेतली, किती फिटली, याचा निकाल इथे मुकादमाच्या वहीतच लागत आला. वहीत बाकी, म्हणजे बाकी. मुकादमाशी निदान त्याच्या ओट्यावर बसून भांडता येतं. ॲपचा मुकादम म्हणजे हसरा चॅटबॉट, आणि ‘मी आपली काय मदत करू’ यापलीकडे त्याची उचल जात नाही.

‘डिलिव्हर्ड’ हा पुरावा नव्हे, दावा आहे. आणि वही ज्याच्या हाती, सिद्ध करायची जबाबदारीही त्याचीच. दिवाळीच्या सुमारास आष्टी, पाटोदा, धारूर, वडवणीकडची माणसं फडावर जातात. मागे उरतात म्हातारी माणसं आणि कुलपं. पार्सलला हंगाम नसतो, ते येतंच. ‘मारुतीच्या पारासमोर’ हा पत्ता अख्ख्या गावाला बिनचूक वाटतो, पण नकाशाला पार दिसत नाही. शिरूर म्हणावं तर एक पुण्याकडे, एक अनंतपाळ होऊन लातूरकडे, आणि आपलं कासार. वस्तू गावात, ओटीपी सांगलीच्या फडात! तो फोनवरून सांगितला जातो, खोकं किराणा दुकानात ‘ठेवलं’ जातं, आणि तेवढ्यावर व्यवहार पुरा होतो. पण 1930 च्या माल विक्री कायद्याचं कलम 41 म्हणतं, आधी न पाहिलेला माल तपासायची वाजवी संधी मिळाल्याशिवाय गिऱ्हाइकानं तो स्वीकारला असं धरता येत नाही. मोबाइलच्या खोक्यात साबणाची वडी निघू शकते, हे इंग्रजी अमदानीलाही सुचलं होतं म्हणायचं.

यावर विक्रेते विचारतात, गिऱ्हाईक काय धुतल्या तांदळासारखं असतं? नसतं. लग्नात मिरवलेली साडी हळदीच्या डागासकट ‘रंग आवडला नाही’ म्हणून परत धाडणारी मंडळी आहेतच, आणि त्यात लहान विक्रेता भरडला जातो. पण याला औषध संशयाचं नव्हे, काट्याचं. उसाच्या गाडीचं वजन भरलेली आणि रिकामी असं दोनदा होतं. काटा मारल्याची ओरड होते तीसुद्धा काटा आहे म्हणून. पार्सलचं भाडं वजनावर ठरतं, म्हणजे निघतानाचं वजन केलेलं असतंच. ते दाखवा, दारात पुन्हा तोला, खोकं समोर उघडा. लबाड गिऱ्हाईकही त्यातच सापडेल. ‘तुम्ही अटी मान्य केल्या होत्या’ हे दुसरं अस्त्र. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी सुमारे 40 फुटी पासोडीवर लिहिलं, तिला अभ्यासक तरी मिळाले. अटींची पासोडी न उलगडताच आपण पांघरतो.

कायदा आहे की, असंही सांगतात. आहेच. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर फोन करता येतो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं गिऱ्हाइकाला आपण राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. फक्त चारशेच्या चपलेसाठी आष्टीहून बीडला चार हेलपाटे घातले, तर पायातली जुनीही झिजते. हा हिशेब कुठल्याच वहीत नसतो. तो कंपनीला तोंडपाठ असतो.