निघालेले भाऊ

भाऊ सावनेर सोडून नागपूरला राहायला निघाले आहेत. राज्यात युतीचं पहिलं सरकार आलं, त्या १९९५ साली निघाले. सध्या बसस्टँडपर्यंत पोचलेत.

तिथे ते रोज सकाळी सापडतात. हातात तर्रीपोह्याची प्लेट, समोर नागपूरची गाडी लागलेली. सावनेर आगाराची कोणती गाडी कोणत्या ड्रायव्हरकडे आहे, कोणत्या गाडीत पाटणसावंगीपर्यंत उभं राहावं लागतं, कोणत्या कंडक्टरकडे सुट्टे असतात, सगळं त्यांना पाठ. गाडी सुटते. भाऊ तिने उडवलेल्या धुळीकडे बघतात आणि म्हणतात, "काय ठेवलं हाय राजा या गावात? मी तं निघालोच आहो." मग पोहेवाल्याकडे वळतात, "अजून अर्धी दे. तर्री वरून."

भाऊंचं नाव सांगत नाही, कारण सांगितलं तरी नेमके कोणते भाऊ ते कळणार नाही. दर मोहल्ल्यात एक असतोच. दोष नागपूरच्या अंतराचा आहे. पस्तीसेक किलोमीटर म्हणजे धड लांब नाही, धड जवळ नाही. गडचिरोलीच्या माणसाला नागपूर पाहिजे तर गाव सोडावंच लागतं. सावनेरचा माणूस घरचं पाणी भरून नागपूरला जातो, काम आटोपतो आणि रात्रीच्या जेवणाला घरी येतो. रोज जाता येतं, म्हणून एकदाचं जाणं होत नाही. उलट दिशेनंही तोच प्रकार. साहेब, मास्तर, बँकेतले बाबू नागपूरला राहून इथे अप-डाऊन करतात. संध्याकाळी गाडी लागली की अर्धं तालुक्याचं सरकार तिच्यात बसून निघून जातं. भाऊ त्यांना हात दाखवून निरोप देतात. मनातून जळतात.

निघाल्याचा पुरावा म्हणून भाऊंकडे एक प्लॉट आहे. कोराडी रोडच्या आतल्या अंगाला, कुठल्याशा लेआउटमध्ये, कॉर्नरचा. त्याचं एनआयटीचं आरएल यायचं आहे. आरएल म्हणजे काय हे ज्याला सांगावं लागतं, त्याचा नागपूर जिल्ह्यात प्लॉट नाही हे उघड आहे. तरी सांगतो. नागपूर सुधार प्रन्यासनं प्लॉट मोकळा केल्याचं ते पत्र. ते हातात नसेल तर घराचा नकाशा मंजूर होत नाही. नकाशा नाही तर घर नाही, आणि घर नाही तोवर भाऊंना कोणी विचारू शकत नाही की काहून गेले नाही. इतकं उपयोगी पत्र न आलेलंच बरं.

अधूनमधून भाऊ प्लॉट पाहून येतात. त्यावर बेशरम माजलेलं असतं, ते छाटतात. चारी कोपऱ्यांचे दगड जागेवर आहेत का बघतात. मग मधोमध उभं राहून वहिनींना फोन लावतात, "मी आता हॉलमंदी उभा आहो." वहिनींनी तो हॉल गेली कित्येक वर्षं फोनवरच झाडला-पुसला आहे.

गावाविरुद्ध भाऊंची मुख्य तक्रार अशी की इथे माणसाचं खासगी म्हणून काही उरत नाही. तक्रार खरी आहे. त्यांनी मेडिकल स्टोअरमधून इसबगोल घेतलं, तर अंधार पडायच्या आत तिघांनी येऊन एरंडेल सुचवलं. म्हणून केसांचा कलप आणायला ते थेट सीताबर्डीला गेले. एसटीत पासष्टीनंतर अर्धं तिकीट लागतं, तेव्हा गुपित स्वस्तात पडत होतं. दुकानात काउंटरवर वाकून त्यांनी हळूच कलप मागितला. शेजारच्या गिऱ्हाइकानंही तितक्याच हळू आवाजात तोच मागितला. भाऊंनी मान वळवली. मागच्या गल्लीतले गुरुजी.

गुरुजी म्हणाले, "मिसेससाठी."

भाऊ म्हणाले, "हाव. माह्या बी मिसेससाठीच."

परतीच्या गाडीत दोघं लांबलांबच्या सीटवर बसले. कंडक्टर नेमका सावनेरचा. मशीनमधून तिकीट काढता काढता त्यानं विचारलं, "काहून भाऊ, गुरुजींसंग बोलचाल बंद हाय काय?" भाऊ नुसते खिडकीबाहेर बघत राहिले. गाडी सावनेरला लागायच्या आत भांडणाची बातमी पोचली होती. रात्री मोहल्ल्यातली दोन शहाणी माणसं समेट घडवायला आली. समेटाला भांडणाचं कारण लागतं, आणि खरं कारण तर पिशवीत, पलंगाखाली. शेवटी भाऊंनी नालीच्या पाण्यावरून शब्दाला शब्द वाढल्याचं कबूल केलं. गुरुजींनीही लगेच माफी मागून टाकली. दुसऱ्या दिवशी नगरपरिषदेची माणसं येऊन नाली साफ करून गेली. मोहल्ल्याला ती साफ व्हायला हवीच होती.

कलप लावल्यापासून नागपूर डेपोचे कंडक्टर भाऊंना अर्ध्या तिकिटासाठी आधार कार्ड मागतात. सावनेरचे मागत नाहीत. त्यांना जन्मसाल ठाऊक आहे आणि आता कलपही.

भाऊंचा मुलगा मिहानमध्ये नोकरीला लागला आणि बेसा भागात फ्लॅट घेऊन राहू लागला, तेव्हा सगळ्यांना वाटलं आता भाऊ गेले. गेलेही. बॅग, वहिनींनी दिलेली सांडग्यांची पिशवी, संत्र्यांचं खोकं असा सरंजाम घेऊन गेटवर उतरले. गार्डनं हिंदीत विचारलं, "किससे मिलना है?" भाऊंना प्रश्नच कळेना. भाषेची अडचण नव्हती, हिंदी त्यांना उत्तम येते. उभ्या आयुष्यात त्यांना हे कोणी विचारलं नव्हतं, इतकंच. सावनेरला हा प्रश्न ते स्वतः लोकांना विचारतात. गार्डनं रजिस्टर पुढे सरकवलं. नाव, गाव, मोबाइल नंबर, फ्लॅट. शेवटी 'कामाचे स्वरूप' असा रकाना होता. भाऊंनी बराच विचार केला आणि लिहिलं, 'बाप'.

आठवडाभरासाठी गेलेले भाऊ तिसऱ्या दिवशी परत आले. कारण सांगितलं, "तिथलं पाणी जड हाय." खरं काय ते पानठेल्यावर, खर्रा घोटून होईस्तोवर, बाहेर आलं. लिफ्टमध्ये एक माणूस दोनदा भेटला, भाऊंनी दोन्ही वेळा "काय म्हणता?" केलं, आणि त्यानं कानातलं यंत्र काढून विचारलं, "मला बोललात का?" भाऊ म्हणाले, "सांगा राजा, लिफ्टमंदी आम्ही दोघंच. मंग कोनाले बोललो मी?"

दवाखान्याच्या बाबतीत मात्र भाऊंचं म्हणणं मीही खोडत नाही. दुखणं जरा भारी झालं की इथे सल्ला एकच, मेडिकलला न्या. मेडिकल म्हणजे नागपूरचं सरकारी मेडिकल कॉलेज. वाटेत पेशंटचं नशीब आणि टोल नाक्यावरची रांग. एका रात्री भाऊंच्या छातीत कळ आली. वहिनी दारातून ओरडल्या, आणि त्यांचं बोलणं संपायच्या आत एक सुमो दारात उभी. सात जण आत बसले. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की पेशंट अंगणातच राहिला. त्याला मागच्या सीटवर दाटीवाटीनं बसवलं. मेडिकलला डॉक्टरनं विचारलं, "रात्री काय खाल्लं?" भाऊ तोंड उघडणार तोच सातही जण बोलले, "सावजी." "किती?" त्याचंही उत्तर एकमतानं आलं. डॉक्टरनं तपासलं, हसला, गॅसची गोळी दिली. येताना भाऊ चिडलेले होते, "मानसाच्या ताटातले पीस बी मोजते हे लोक!" खासगी काही उरत नाही ही तक्रार त्या रात्री पुन्हा झाली. सुमोचं भाडं कोणी घेतलं नाही, याची नोंद त्या तक्रारीत नव्हती.

परगावी गेले की हेच भाऊ सावनेरचे वकील होतात. पुण्याच्या व्याह्यांना त्यांनी सांगितलं, "गडकरी म्हणजे आमच्या सावनेरचे." व्याही म्हणाले, "हो, रस्ते छान केलेत त्यांनी." "ते नागपूरचे जी. मी ओरिजिनल गडकरी सांगून राहिलो!" राम गणेश गडकरी जन्मले नवसारीला आणि नाव काढलं पुण्यात. आजारानं खंगले तेव्हा सावनेरला आले, 'भावबंधन'चा शेवट इथल्या अंथरुणावर लिहिला आणि २३ जानेवारी १९१९ला इथेच गेले. वय अवघं तेहतीस. भाऊ हे अशा थाटात सांगतात की उशाजवळचा तांब्या यांनीच भरून ठेवला असावा. पुण्याच्या संभाजी बागेतला गडकऱ्यांचा पुतळा जानेवारी २०१७मध्ये उखडून मुठेत फेकला गेला, हेही त्यांना तारखेसकट माहीत आहे. "तुमच्या पुण्यानं पुतळा नाही सांभाळला. आम्ही अख्खा मानूस सांभाळला." व्याही गप्प झाले. तीच गोष्ट सावनेरच्या टपरीवर निघाली की भाऊ मान हलवतात, "एवढा मोठा मानूस. इथं आला अन् गेला. म्हनून म्हणतो, या गावात काही ठेवलं नाही!" बाळकराम या नावानं गडकऱ्यांनी 'रिकामपणची कामगिरी' लिहिली. ती पुढे चालू ठेवण्याचं काम सावनेरनं भाऊंकडे दिलेलं आहे.

छोट्या लाईनचंही असंच. इतवारीहून सावनेरमार्गे छिंदवाड्याला जाणारी ती अडीच फुटी रुळांवरची गाडी होती, तोवर भाऊ तिला शिव्या देत. माणूस उतरून खर्रा घेऊन परत चढतो, असं सांगत. २०१५च्या अखेरीस ब्रॉडगेजसाठी ती बंद झाली. आता मोठी गाडी धावते, तर भाऊंचं म्हणणं, "फलाटावरचा मानूस ओळखू येत नाही, तवापर्यंत स्टेशन जाते."

गेल्या दिवाळीआधी आरएल आलं. लेआउटवाल्याच्या माणसानं भाऊंचं घर पानठेल्यावर विचारलं आणि पत्र कशाचं तेही सांगून बसला. तो दारात पोचला तेव्हा त्याच्यामागे अभिनंदनाला आठ-दहा जण होते. भाऊंचा चेहरा पडला. मोहल्ल्यानं निरोपाचा कार्यक्रम ठरवला. शाल, श्रीफळ, चार भाषणं, आलूबोंडा. गुरुजी बोलताना गहिवरले. सत्कारमूर्ती आणि वक्ता, दोघांचेही केस काळेभोर.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ शाल पांघरून पोह्याच्या ठेल्यावर. "काहून भाऊ, गेले नाही?" तर म्हणे, मार्गशीर्ष लागू द्या. मार्गशीर्ष लागला तर म्हणे, संत्र्याचा बहार निघून जाऊ द्या. मग ऊन तापलं, उन्हात सामान कोण हलवते? मग पाऊस लागला. मग नातवाला तान्हा पोळा इथलाच दाखवायचा होता. श्रीफळाची वहिनींनी कधीच चटणी केली.

सध्या भाऊंच्या सावनेरच्या घरावर दुसरा मजला चढतो आहे. विचारलं तर म्हणतात, "निघेपर्यंत राहाले जागा लागते ना राजा!"

प्लॉट मात्र खरंच विकायचा आहे. कोराडी रोड, कॉर्नरचा, आरएल झालेला, बेशरम छाटून दिलं जाईल. कोणाला घ्यायचा असेल तर सकाळी सावनेर बसस्टँडवर उतरा. भाऊ कुठे भेटतील म्हणून विचारत बसू नका. तुम्ही कोणाकडे आलात ते तेच विचारतील.