हंगामी खलिता

ज्या गृहस्थाच्या घरी पाच वर्षांच्या आतली दोन अपत्ये नांदत आहेत, त्याने वर्षाचे ऋतू सहा मानावेत की तीन, हा प्रश्न त्याच्यापुरता केव्हाच निकालात निघालेला असतो. त्याच्या संवत्सरात ऋतू दोनच, एक लंगोट वाळण्याचा आणि दुसरा लंगोट न वाळण्याचा. कालिदासाने ‘ऋतुसंहारा’त सहा ऋतूंचे सहा सर्ग रचले, ग्रीष्मातली जलयंत्रे, वर्षेतले कदंब आणि हेमंतातले क्रौंच यांची यथास्थित दखल घेतली, परंतु वर्षाऋतूच्या संपूर्ण सर्गात दुपट्यांविषयी त्याने अवाक्षर काढलेले नाही, यावरून ते काव्य त्याने विवाहापूर्वी, किंवा विवाहोत्तर असल्यास कुटुंबाला माहेरी पाठवून, रचले असावे, असा माझा नम्र तर्क आहे. पंडितांनी त्याचा विचार करावा.

आमचे संस्थान पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर, पश्चिमेकडच्या एका चिंचोळ्या सज्जासह वसलेले आहे. गादीवर सध्या बसावयास नुकतेच शिकलेले चिरंजीव विराजमान असून, त्यांच्या ज्येष्ठ भगिनी, वय वर्षे चार, राज्यप्रतिनिधी या नात्याने कारभार पाहतात. सौभाग्यवतींकडे दिवाणगिरी आहे, आणि माझ्याकडे हुजऱ्या, भिस्ती, परीट व कारकून अशी चार खाती एकत्रित सोपविण्यात आलेली आहेत. त्यांपैकी कारकुनी मला पुष्कळदा परटाच्या खात्याहून जड जाते, कारण संस्थानाची हंगामी खबरबात दोन वरिष्ठ दरबारांत वेळच्या वेळी रुजू करण्याची जोखीम त्या खात्यावर आहे. पहिला दरबार माझ्या आईचा, रत्नागिरी जिल्ह्यातला. दुसरा श्वशुरांचा, खास नागपुरातला. एका दरबाराला चिंता पाऊस फार पडेल याची, दुसऱ्याला तो पडतो की नाही याची. एकीकडे मे महिना घामाने निथळणारा, दुसरीकडे वाळ्याच्या ताट्यांआड दडून काढावयाचा. मात्र पुण्याला हवामान म्हणण्यासारखे काही नाहीच, याविषयी दोन्ही दरबारांचे संपूर्ण मतैक्य आहे.

मृग नक्षत्र 7 जूनच्या सुमारास लागते आणि आईचा फोन त्याच्या आदल्या दिवशी येतो. “अरे, पंचांग काढलंस का? वाहन काय आहे यंदा?” हा तिचा पहिला प्रश्न. ज्यांच्या घरी पंचांग केवळ मुहूर्तापुरते उघडले जाते त्यांच्या माहितीसाठी सांगतो, की सूर्य ज्या नक्षत्रात जातो तेथपासून त्या दिवशीच्या चंद्रनक्षत्रापर्यंत मोजावे, त्या संख्येस नवाने भागावे, आणि जी बाकी उरेल तीवरून पाऊस कोणत्या जनावरावर बसून येणार हे ठरते. बेडूक, म्हैस किंवा हत्ती निघाला तर आईला समाधान. कोल्हा अथवा मेंढा निघाला तर तो जणू मीच गोठ्यातून सोडून दिला, अशा स्वरात ती “बरं” म्हणते. आता भारतीय हवामान विभागाची स्थापना 1875 सालची, त्याची कचेरी 1928 साली सिमल्याहून पुण्यास आली आणि शिवाजीनगरातल्या त्या इमारतीला पुणेकर अद्याप सिमला ऑफिसच म्हणतात. उपग्रहांपासून गणकयंत्रांपर्यंत सर्व सरंजाम आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर सज्ज आहे. हे मी एकदा आईच्या कानावर घातले. तिने शांतपणे विचारले, “त्यांच्याकडे हत्ती आहे का?” या प्रश्नाला हवामानशास्त्राजवळ उत्तर नाही.

एके वर्षी वाहन उंदीर निघाले. ही वार्ता मी फोनवर देत असता राज्यप्रतिनिधी शेजारी उभ्या होत्या. त्यांनी काही काळ गंभीर विचार केला आणि मग अत्यंत चिंतातुर मुद्रेने विचारले, “बाबा, उंदीर पावसानं नेला तर गणपती कशावर बसून येणार?” हा पेच पंचांगकर्त्यांनी अवश्य सोडवावा, कारण गणेशोत्सव पडतो तोही पावसाळ्यातच, आणि दोन स्वतंत्र खात्यांना एकच सरकारी वाहन मंजूर केल्याने काय अनर्थ होतो हे कोणत्याही कचेरीतल्या माणसाला सांगावयास नको.

कोकणात पावसाळ्याच्या तोंडाला आगोट म्हणतात, आणि आगोटीपूर्वी घरात चार महिन्यांची बेगमी भरून ठेवावयाची असते. आईच्या हिशेबी आमचे घर हे तिच्याच घराची, घाटावर चुकून बांधली गेलेली, एक खोली आहे. त्यामुळे मेच्या अखेरीस एस. टी.तून एक बोचके येतेच. त्यात आमसुले, कुळथाची पिठी, आंबापोळी, फणसाचे पापड हे ऐवज तर असतातच, परंतु यंदा त्यांच्या तळाशी तिने आपल्या जुन्या नऊवारी लुगड्यांचे धुऊन, फाडून, घड्या घालून तयार केलेले लंगोट आणि दुपटी यांचा असा गठ्ठा पाठवला, की तो पाहून सौभाग्यवतींचे डोळे भरून आले. पहिल्या दिवशी ते कृतज्ञतेने भरले होते. पुढे जुलै लागला.

पुण्याच्या पावसाचा स्वभाव परगावच्या मंडळींना समजावून सांगणे दुरापास्त आहे. रत्नागिरीस वर्षाकाठी 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर पुण्याच्या वाट्यास सुमारे 700 येतात. म्हणून आई आमची तक्रार “तो पाऊस नव्हे रे, शिंतोडे” एवढ्या एका वाक्यात खारीज करते. ढग आपला मुख्य ऐवज कोकणात आणि लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर रिता करून, उरलेली किरकोळ शिल्लक घेऊन आमच्याकडे येतात, हे खरेच आहे. परंतु ती शिल्लक ते एकरकमी देत नाहीत. सकाळी थोडी भुरभुर, दुपारी नुसतेच आभाळ, संध्याकाळी पुन्हा भुरभुर, अशा हप्त्यांनी ही परतफेड आठवडेच्या आठवडे चालते आणि त्या मुदतीत सूर्यनारायण एखाद्या रजेवर गेलेल्या मामलेदाराप्रमाणे केवळ सहीपुरते दर्शन देतात. लंगोटास मिलिमीटरांशी काही कर्तव्य नसते. हवेतच बाष्प तुडुंब भरलेले असले म्हणजे कापडातल्या पाण्याला बाहेर पडावयास जागा राहत नाही, आणि मग सोमवारी दोरीवर घातलेला लंगोट बुधवारीही हातास गारच लागतो. तो ओला आहे असे शपथेवर म्हणता येत नाही, वाळला म्हणण्यास मन धजत नाही, आणि वासावरून निर्णय करावा म्हटले तर तो कुबट वास एव्हाना संपूर्ण घराचाच झालेला असल्यामुळे पुरावा म्हणून ग्राह्य धरता येत नाही. इकडे चिरंजीव मात्र पाऊस असो वा उघडीप, आपल्या उत्पादनात खंड म्हणून पडू देत नाहीत.

सज्जातली दोरी भरली की दोऱ्या आत सरकतात. प्रथम स्वयंपाकघर पडले, मग निजावयाची खोली पडली, आणि आर्द्रा सरता सरता दिवाणखान्यातही आडव्या दोऱ्या अशा काही उंचीवर लागल्या की येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यास लवून मुजरा करीतच प्रवेश करावा लागे. आमच्या कचेरीतले एक ताठ मानेचे वरिष्ठ, ज्यांनी आजवर कोणापुढे मान तुकवल्याचे ऐकिवात नाही, ते चिरंजीवांना पाहावयास आले तेव्हा दारापासून पाळण्यापर्यंत त्यांनी घातलेले मुजरे पाहून मला झालेला आनंद मी येथे विस्ताराने वर्णीत नाही. पंखे अहोरात्र फिरत होते. इस्त्री हे यंत्र चुण्या मोडण्यासाठी निर्माण झाले आहे ही समजूत आम्ही सोडून दिली होती, आणि विजेचे देयक हाती पडले तेव्हा सौभाग्यवतींनी प्रथम माझ्याकडे पाहिले, नंतर इस्त्रीकडे, आणि शेवटी सवयीने ते वाळले आहे की नाही हे बोटांनी तपासून पाहिले.

आईचे यावरचे फर्मान ठरलेले: धुरी. निखाऱ्यांवर वावडिंग, ओवा, बाळंतशेपा आणि चिमूटभर ऊद टाकावा, वर टोपली उपडी घालावी, टोपलीवर लंगोट पसरावेत. कापड वाळते, वास जातो, आणि त्याच उबेला बाळाचे अंगही शेकून निघते. कृती निर्दोष आहे आणि कोकणातल्या मागीलदारी ती पिढ्यानुपिढ्या चालत आलेली आहे. परंतु ती रचणाऱ्यांनी सहकारी गृहरचना संस्थेचे उपविधी विचारात घेतलेले नाहीत. शेगडी नव्हती म्हणून आम्ही बांधकामावरचे एक लोखंडी घमेले पैदा केले, निखारे फुलवले, वावडिंग टाकले, आणि सुगंधाचा पहिला लोट जिन्यापर्यंत पोचतो न पोचतो तोच संस्थेचे चिटणीस धावत वर आले. आग नाही, हे त्यांना दिसले. मग हे काय आहे, या प्रश्नावर सौभाग्यवतींनी अत्यंत सभ्यपणे “बाळंतशेपा” असे उत्तर दिले. नियमावलीत या वस्तूची मनाई नसल्यामुळे चिटणीस काही क्षण निरुत्तर झाले आणि जाता जाता, त्यांच्या सुनेला सातवा महिना लागला आहे, तरी कृतीचे टिपण देता येईल काय, असे हलक्या आवाजात विचारते झाले. लेखी ताकीद दुसऱ्या दिवशी आलीच. ताकीद आणि टिपण यांची देवाणघेवाण एकाच वेळी, त्यांच्याच दारात झाली.

नागपूर दरबाराचे धोरण निराळे. “काय जावईबापू, पाऊसपाणी काय म्हणून राहिलं?” अशी प्रस्तावना करून श्वशुर मूळ मुद्द्यावर येतात, की लेकराला दमट कापडात गुंडाळून ठेवणे त्यांना बिलकुल पसंत नाही, आणि हा अभिप्राय नुसता तोंडी न ठेवता त्यांनी विकत मिळणाऱ्या कागदी लंगोटांचा एक पेटारा थेट घरी पाठवून दिला. झाले! परराष्ट्रखात्याचे काम त्या दिवसापासून दुणावले. आईच्या मते कागदी लंगोट म्हणजे आळसाचे दुसरे नाव आणि पुरळाचे पहिले. श्वशुरांच्या मते ओलसर सुती लंगोट म्हणजे सर्दीला पाठवलेले आमंत्रण. दोन्ही पक्षांचे म्हणणे मला मनापासून पटते, ही माझी खरी अडचण. तेव्हा फोनच्या पडद्यावर रत्नागिरी प्रकट व्हावयाच्या वेळी चिरंजीवांना आजीच्या लुगड्याचा लंगोट आणि नागपूर प्रकट व्हावयाच्या वेळी कागदी, असा दरबारी पोशाखाचा शिरस्ता आम्ही पाडला. सकाळचा खलिता सुती, रात्रीचा कागदी. कारकुनाचे इमान दोन्हीकडे शाबूत राहिले. धावपळीचा बोजा पडला तो परटाच्या खात्यावर, आणि दोन्ही खात्यांचा अधिकारी एकच असल्याने त्याला तक्रार कोणाकडे करावी हे समजेना.

आषाढी एकादशीच्या दिवशी मात्र दोन्ही दरबार, पूर्वसूचना न देता, एकाच वेळी एकाच पडद्यावर अवतरले. दोन्हीकडे उपास, दोन्हीकडे फुरसत, आणि राज्यप्रतिनिधींना सामाईक फोन स्वीकारण्याची कळ कोणती हे आमच्यापेक्षा चांगले ठाऊक. मी दुसऱ्या खोलीतून धावत येईपर्यंत एका चौकटीत आई, दुसरीत सासूबाई व सासरे, आणि तिसरीत, आंघोळ नुकतीच आटोपून सतरंजीवर लोळणारे चिरंजीव, संपूर्ण दिगंबर. दोन्ही पक्षांना त्यांनी समान न्याय दिला. क्षणभराच्या शांततेनंतर आई म्हणाली, “असंच ठेवा हो त्याला, मोकळं बरं असतं”; आणि श्वशुर म्हणाले, “बरोबर बोलल्या विहीणबाई, हवा लागली पाहिजे लेकराला.” लग्नाच्या याद्या झाल्यापासून दोन्ही घराण्यांत झालेला हा पहिला बिनशर्त तह.

सर्दीची हकीकत थोडक्यात आटोपतो, कारण ती सर्व घरी सारखीच असते. आमच्याकडच्या शाळा जूनच्या मध्यास उघडतात, विदर्भातल्या उन्हामुळे जूनच्या अखेरीस. “आमच्याकडं लेकरं अजून सुटीत आहेत, तुम्ही पावसात पाठवून राहिले” हा नागपूरचा आक्षेप दर वर्षी नोंदवला जातो. थोरल्या कन्यका छोट्या शिशुवर्गातून पहिल्याच सप्ताहात सर्दी घेऊन आल्या, ती त्यांनी बंधुराजांस दिली, बंधुराजांनी मातोश्रींस, आणि माझ्यापर्यंत ती पोचली तेव्हा घरातल्या सर्वांना आराम पडला असल्यामुळे माझ्या शिंकांकडे कौतुकाने पाहावयास कोणास सवड नव्हती. आईने वेखंड, सुंठ, जायफळ, मुरडशेंग उगाळून गुटीचे किती वेढे द्यावेत ते सांगितले. डॉक्टरांनी गुटी देऊ नका, अंगावरचे दूध चालू ठेवा आणि नवव्या महिन्यातली गोवर-रुबेलाची लस चुकवू नका, असे सांगितले. सौभाग्यवतींनी डॉक्टरांचे ऐकले, सहाण मात्र आईला दिसेल अशा जागी मांडून ठेवली.

पुनर्वसूच्या पावसाला आपल्याकडे तरणा पाऊस म्हणतात आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा. पुढे सासूंचा पाऊस आणि सुनांचा पाऊस अशीही नावे आहेत, त्यावरून नक्षत्रांचे हे नामकरण कोण्या भल्या गृहस्थाने एकत्र कुटुंबात राहून, दाराबाहेर बसून केले असावे, याविषयी मला संशय नाही. तरणा कसाबसा सरला, म्हाताऱ्याचा मुक्काम चालू आहे, आणि सासूंचा पाऊस पाहावयास दोन्ही दरबार श्रावणात जातीने पुण्यास येत आहेत. आईने धुरीची सर्व सामग्री सोबत बांधून घेतल्याचे कळवले आहे आणि सासऱ्यांनी दुसरा पेटारा. संस्थेच्या चिटणिसांनी गच्चीवर, पत्र्याच्या आडोशाला, धुरी करण्यास तोंडी परवानगी दिली आहे. अट एवढीच की घमेले चालणार नाही, रीतसर शेगडी हवी. तेव्हा पुण्यातल्या ज्या वाचकांच्या माळ्यावर लोखंडी शेगडी बिनवापराची पडून असेल, त्यांनी ती मोडीत घालण्यापूर्वी आम्हांस अवश्य कळवावे. कोळसे आणून ठेवले आहेत आणि वावडिंग वाटेवर आहे.